शांत नदीचे चित्र आणि चित्रात न दिसणारे हात

चित्र तसे साधेच आहे. पुढच्या बाजूला नदीच्या काठाशी होड्या लागलेल्या आहेत. दोन नावाडी उतारूंची वाट पाहत थांबले आहेत. मध्ये वाळूचा पट्टा आहे. पलीकडच्या काठावरची झाडी सकाळच्या धुक्यात विरत विरत दिसेनाशी झाली आहे. ना वारा, ना लाट, ना गडबड. पाहणाऱ्याचे मन आपोआप निवांत व्हावे, असे हे चित्र जपानच्या तेनर्यू नदीचे आहे. हिरोशिगे नावाच्या चित्रकाराने ते १८३३-३४ च्या सुमारास काढले. लाकडाच्या ठशांवरून ते कागदावर छापले गेले आणि आज जगभरच्या संग्रहालयांत त्याच्या प्रती जपून ठेवलेल्या आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, जपानच्या नदीचे चित्र आणि आपला नगर जिल्हा यांचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. आम्ही कारकुनी करणारी माणसे. कोणताही कागद हाती आला की जमा किती, खर्च किती, सही कोणाची, हे पाहण्याची आम्हाला सवय. त्याच नजरेने आम्ही या चित्राचा हिशेब मांडला, तेव्हा या शांत नदीच्या काठावर आपल्याच ओळखीची माणसे उभी असलेली दिसली. ती हकीकत आज सांगायची आहे.

सही एकाची, कष्ट चौघांचे

चित्राच्या कोपऱ्यात हिरोशिगेची सही आहे. पण हिरोशिगेने केले ते फक्त रेखाटन. त्या काळी जपानात अशा चित्राला चार जण लागत. पहिला प्रकाशक. तो भांडवल घाली, कोणता विषय खपेल ते ठरवी आणि माल दुकानात आणी. दुसरा चित्रकार. तो पातळ कागदावर शाईने चित्र काढी. तिसरा कोरणारा कारागीर. तो तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवी आणि रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड खोदून काढी. या कामात चित्रकाराचा मूळ कागद फाटून नाहीसा होई. म्हणजे चित्रकाराच्या हातची रेषा पुढे जगते ती कोरणाऱ्याच्या हातून. केसाएवढी बारीक रेष लाकडात जिवंत ठेवायला वर्षानुवर्षांची उमेदवारी लागे.

चौथा छापणारा. प्रत्येक रंगासाठी निराळी फळी. काळ्या रेषांची एक, निळ्याची एक, हिरव्याची एक, अशा एकामागून एक फळ्यांवर तोच ओलसर कागद ठेवायचा. एक रंग जरा जरी सरकला तरी चित्र बिघडले. म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन खाचा ठेवत. कागद त्या खाचांना टेकवला की दर वेळी नेमक्या जागी बसे. वरून दाब द्यायला यंत्र नव्हते. बांबूच्या पानात गुंडाळलेली गोल चकती हाताने घासून रंग कागदात उतरवत.

नदीच्या पाण्यात काठाकडे फिका आणि दुसरीकडे गडद होत जाणारा जो निळा रंग दिसतो, तो लाकडात कोरलेला नसतो. छापणारा फळी ओली करून त्यावर रंग एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ पसरतो, तेव्हा ती छटा उमटते. प्रत्येक प्रतीसाठी ते पुन्हा करावे लागते. पाहणारे ज्या शांततेचे कौतुक करतात, ती मोठ्या अंशी या छापणाऱ्याच्या मनगटाची कमाई आहे.

आता हिशेब पाहा. चित्रकाराची सही चित्रावर आहे. प्रकाशकाचा शिक्का आहे. कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. ज्याने भांडवल घातले त्याचे नाव राहिले आणि ज्याने लाकूड खोदले त्याचे नाव भुशाबरोबर झाडून टाकले गेले.

चित्र होते गरिबाच्या खिशाचे

आज ही चित्रे काचेच्या चौकटीत, मंद दिव्यात ठेवतात. लिलावात त्यांना लाखो रुपयांची बोली लागते. पण ती निघाली तेव्हा मोठ्या लोकांसाठी निघाली नव्हती. एदो, म्हणजे आजचे टोकियो, या शहरातले दुकानदार, कारागीर, हमाल, नोकर अशी माणसे ती विकत घेत. साधारण १० इंच बाय १५ इंचांचा एक कागद. त्याची किंमत रस्त्यावर मिळणाऱ्या एक-दोन वाट्या शेवयांएवढी. घरी न्यावा, भिंतीला लावावा, जुना झाला की फेकून द्यावा. आपल्या घरात किराणा दुकानाचे कॅलेंडर जसे लागते तसेच.

खुद्द हिरोशिगेही कुणी बडा माणूस नव्हता. १७९७ साली त्याचा जन्म झाला, तो एदोच्या सरकारी अग्निशामक दलातल्या सामान्य नोकरदाराच्या घरी. बाराव्या-तेराव्या वर्षी आईवडील गेले आणि वडिलांची नोकरी त्याच्या अंगावर आली. नोकरी सांभाळून तो चित्रकला शिकला. एदो ते क्योतो या ५३ मुक्कामांच्या हमरस्त्यावर त्याने जी चित्रमाला केली, तिने त्याचे नाव घरोघर पोचले. तेनर्यू नदीचे चित्र त्याच मालेतले.

या मालेत राजवाडे फार नाहीत. पावसात पळणारी माणसे आहेत, ओझेवाले आहेत, खाणावळीतल्या बायका आहेत, घोडेवाले आहेत. ओई नदीचे चित्र पाहण्यासारखे आहे. त्या नदीवर सरकारने पूल बांधू दिला नव्हता. पैसेवाला प्रवासी माणसांनी उचललेल्या पाटावर बसून पार होई, कमी पैशांचा माणूस हमालाच्या खांद्यावर बसून. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून दुसऱ्याला कोरडे ठेवणारी ती माणसे हिरोशिगेने चित्रात घेतली, हे त्याचे मोठेपण म्हटले पाहिजे.

कागदातला सरस कोणाचा?

इथवर चित्रात दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या कारागिरांची गोष्ट झाली. पण हिशेबात आणखी एक रक्कम राहिली आहे, आणि ती आपल्याला जवळून ओळखीची आहे.

जपानी हातकागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात. तो मजबूत असतो, पण रंग पडला की टीपकागदासारखा शोषून घेतो आणि कडा फुटतात. म्हणून छपाईआधी कागदाला सरस आणि तुरटीचे पाणी देतात. सुतार लाकूड जोडायला वापरत तोच सरस. जनावराचे कातडे आणि हाडे उकळून तो निघतो. जपानी काळ्या शाईतही काजळी बांधून ठेवायला हाच सरस लागतो. म्हणजे रेषा आणि रंग, दोन्ही सरसाच्या आधारावर उभे.

मग मेलेल्या जनावराचे कातडे सोलायचे कोणी? जपानात हे काम पिढीजात एका समाजाच्या माथी मारलेले होते. त्यांना 'एता' म्हणत, आणि या शब्दाच्या अक्षरांचा अर्थच होतो फार घाण. त्यांची वस्ती गावाबाहेर. त्यांच्याशी लग्नव्यवहार नाही, खाणेपिणे नाही. त्याही आधीच्या काळात अशा लोकांना 'कावारामोनो' म्हणत. कावारा म्हणजे नदीचे कोरडे पात्र. नदीच्या पात्रात राहणारे ते कावारामोनो. कातडे धुवायला पाणी लागे. शिवाय पुराची भीती असलेली ती जमीन दुसऱ्या कोणाला नको असे, म्हणून तिथे त्यांना राहू देत. पंधराव्या शतकात झेन्आमी नावाचा याच समाजातला माणूस बागा रचण्यात इतका निपुण होता, की देशाचा सत्ताधीश शोगुन त्याला आदराने बोलावून घेई. पण एका माणसाचा गौरव झाला म्हणून त्याच्या वस्तीचा दर्जा बदलला नाही.

वाचकहो, गावची मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आले होते, त्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको. पाटलाच्या गोठ्यातले जनावर मेले की कोणाला हाक जायची, हे नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या म्हाताऱ्याला विचारा.

इथे एक गोष्ट आपण बौद्धांनी स्वच्छ मनाने मान्य केली पाहिजे. जपान हा बुद्धाला मानणारा देश. तरी तिथल्या काही विहारांनी या लोकांच्या थडग्यांवर मरणोत्तर नाव कोरतानाही हिणकस अक्षरे घातली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती नावे शोधून बदलण्याची वेळ तिथल्या संप्रदायांवर आली. धम्माचे नाव घेतले म्हणजे भेद आपोआप जात नाही. तो घालवावा लागतो.

पाण्याची पातळी

जपान सरकारने १८७१ साली हुकूम काढून हा भेद कायद्याने रद्द केला. माणसांच्या मनातून तो गेला नाही. तेव्हा ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात या समाजाच्या तरुणांनी स्वतःची संघटना उभारली. तिचे नाव 'सुइहेइशा'. सुइहेइ हा शब्द दोन अक्षरांचा आहे, एक पाणी आणि दुसरे सपाट. पाणी कोणी कितीही ढवळले तरी शेवटी एकाच पातळीवर येते, तसा समाज करायचा, हा त्या नावाचा आशय. दया नको, हक्क हवा, ही त्यांची भूमिका.

त्यानंतर पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दोन देश, दोन भाषा, आणि दोन्हीकडे गोष्ट पाण्याचीच.

जपानमधला लढा आजही संपलेला नाही. १९७५ साली उघड झाले, की या वस्त्यांची नावे-पत्ते असलेली यादी गुपचूप छापून कंपन्यांना विकली जात होती. नोकरी मागायला आलेला मुलगा 'तिकडचा' आहे का, हे पाहण्यासाठी. २००९ च्या सुमारास आणखी एक प्रकार घडला. लाकडी ठशांवरून छापलेले एदोकालीन नकाशे गुगल अर्थ या संगणकावरील नकाशात जसेच्या तसे घातले गेले आणि त्यांवर 'एता' वस्ती असा जुना उल्लेख दिसू लागला. आक्षेप आले आणि तो शब्द पुसण्यात आला. लाकडात कोरलेला एक शब्द दोन शतकांनी एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकतो. शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये जपानला या भेदाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

आम्हाला विचाराल, तर नुसता शब्द पुसून हिशेब पुरा होत नाही. तिथे कोण राहत होते, त्यांनी काय घडवले, हे सन्मानाने लिहिले तर तो पुरा होतो.

अजिंठ्यापर्यंत आलेला जपानी चित्रकार

या कलेचा आणि आपल्या महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संबंधही आहे. हिरोशी योशिदा हा १८७६ साली जन्मलेला जपानी चित्रकार. पाण्याची चित्रे हा त्याचा हातखंडा. शिडाच्या होड्यांचे एकच चित्र त्याने त्याच फळ्यांवरून निरनिराळ्या रंगांत छापले. सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ, रात्र. फळ्या त्याच, रंग बदलले आणि प्रहर बदलला. १९२५ पासून त्याने स्वतःचे छापखान्यासारखे कामघर काढले. कोरणाऱ्या आणि छापणाऱ्या कारागिरांच्या शेजारी बसून तो प्रत्येक टप्प्यावर देखरेख करी.

हा योशिदा १९३० च्या अखेरीस आपला मोठा मुलगा तोशी याला घेऊन भारतात आला. वाराणसीचा घाट, ताजमहाल, उदयपूरच्या तळ्यातले महाल आणि आपल्याकडची अजिंठा-वेरूळची लेणी यांवर त्याने मायदेशी परतल्यावर ठसाचित्रे केली. ज्या वाघोरा नदीच्या वळणावर आपल्या पूर्वजांनी डोंगर कोरला, तो अजिंठा असा चेरीच्या लाकडात उतरून जपानला पोचला.

अजिंठ्यालाही तोच हिशेब लावून पाहा. सोळाव्या लेण्यावर शिलालेख आहे. त्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे, कारण दान त्याचे. सव्विसाव्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्राचे नाव आहे. पण ज्याने छिन्नी मारली आणि ज्याने अंधाऱ्या गुहेत दिव्याच्या उजेडात बोधिसत्त्वाचे डोळे रंगवले, त्याचे नाव वाघोरेलाच ठाऊक.

फार लांब कशाला? आपल्या प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याला नाव मिळाले मुंबई प्रांताचे गव्हर्नर विल्सन यांचे. जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. सह्याद्रीच्या पावसात दगड वाहून नेणाऱ्या बाया-बाप्यांपैकी एकाचेही नाव कोणत्या फलकावर आम्ही पाहिलेले नाही. भंडारदऱ्याच्या शांत पाण्याचे फोटो मात्र दर पावसाळ्यात सगळे काढतात.

आपल्या घरात काय करता येईल?

शांत चित्र पाहू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दिवसभर कारखान्यात, शेतात, बांधकामावर राबून आलेल्या माणसाला घटकाभर डोळे निववायचा पुरा हक्क आहे. चित्रकला ही शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या घरांची मिरास आहे, हा समज मात्र मनातून काढून टाका. ही कलाच कष्टकऱ्यांनी कष्टकऱ्यांसाठी केली होती. मुंबईला जाणे झाले तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांना जरूर न्या. टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जपानी वस्तू तिथे पाहायला मिळतात.

घरी मुलांकडून एक प्रयोग करून घ्या. खर्च जवळपास नाही. जुन्या रबरी स्लीपरचा तळ धुऊन घ्या. त्यावर पेनने नदीच्या दोन-तीन लाटा, एक होडी, एक डोंगर काढा. रेषा तेवढ्या ठेवून बाजूचा भाग मोठ्या माणसाने ब्लेडने कापून काढावा. मुलांच्या हाती ब्लेड देऊ नये. पाण्याच्या निळ्या रंगासाठी दुसरा तुकडा, डोंगरासाठी तिसरा. तिन्ही तुकडे एकाच मापाचे हवेत. एका पुठ्ठ्यावर कोपऱ्यात काटकोनात दोन पट्ट्या चिकटवा. तुकडा आणि कागद दर वेळी त्या कोपऱ्याला टेकवा, म्हणजे रंग सरकणार नाही. रंगात चिमूटभर शिजवलेल्या खळीचे पाणी घाला, म्हणजे तो ओघळणार नाही. कागद किंचित दमट करून ठशावर पसरा आणि चमच्याच्या पाठीने हलके घासा. निळा रंग एका बाजूने ओल्या फडक्याने जरासा पुसून छापलात, तर हिरोशिगेच्या नदीसारखी छटा तुमच्या स्वयंपाकघरात उमटेल.

मुलाला किंवा मुलीला हात दिसला, तर शाळेत चौकशी करा. महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकलेच्या परीक्षा शाळेतूनच देता येतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. "चित्रं काढून पोट भरतं का?" असे म्हणून पोरीची वही बाजूला फेकू नका. छपाई, कापडावरचे नक्षीकाम, जाहिरात, पुस्तकांची सजावट, शाळेतली कलाशिक्षकाची नोकरी, अशा कितीतरी ठिकाणी हा हात कामी येतो.

आणि चित्र कशाचे काढायचे? तेनर्यू नदीचेच का? आपली प्रवरा आहे. नेवाशाजवळ प्रवरासंगमला ती गोदावरीला मिळते, तो देखावा कोणत्याही जपानी चित्रापेक्षा कमी नाही. नगरकरांची सीना आहे. उन्हाळ्यात आटलेली, कचऱ्याने भरलेली सीना पोरांनी काढली तरी चालेल. काठावर धुणे धुणारी आई, वाळू उपसणारा बाप आणि कारखान्याकडे निघालेली उसाची बैलगाडी त्यात आली, तर जास्तच चांगले.

प्रयोग पुरा झाला की चित्राच्या मागे तारीख घाला आणि नावे लिहा. रेखाटन कोणी केले, ठसा कोणी कोरला, रंग कोणी लावला, कागद कोणी घासला, आणि खळ कोणी शिजवली तिचेसुद्धा. एकही नाव वगळू नका.